तिच्या भाषेतलं मांजर

सून परदेशातून आली ती दोन बॅगा आणि एक करडं मांजर घेऊन. आमची लाँड्री. खाली दुकान, वर दोन खोल्या. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरीवर मांजराचा केस सापडला तर संपलंच.

"ते जिन्याखाली राहील," मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "उंदीर तरी धरेल."

"आई, तिच्याकडे मांजर घरातलं माणूस असतं," मुलगा म्हणाला.

"आपल्याकडे माणसंच मावत नाहीत."

तरी ते वर आलंच. सुनेला आमची भाषा मोडकीतोडकी यायची. आमच्याशी बोलताना एकेक शब्द चाचपायची. मांजराशी मात्र तिच्या भाषेत घडाघडा बोलायची, भांडायची, खुदकन हसायची. इस्त्री फिरवता फिरवता मला खालून ऐकू यायचं. वाटायचं, मुक्या जनावराशी काय एवढं बोलायचं?

तिला दिवस गेले, तसं मांजर तिच्या पोटाला टेकून झोपायला लागलं. आमच्यात बाळाच्या आसपास मांजर फिरकू देत नाहीत; श्वास ओढून घेतं म्हणतात. मी तिला तसं सांगितलं, तर ती हसली. "आई, आमच्यात उलटं. मांजर पाळण्याजवळ बसतं. बाळ राखतं."

सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. मुलगी होती. डॉक्टरीणबाईंनी परत परत सांगितलं, यात कुणाचाच दोष नाही. पण मला कुणाचा तरी दोष हवा होता.

सून दवाखान्यातच होती. मी मुलाला म्हटलं, "ती यायच्या आत ते मांजर घरातून काढ." तो नाही म्हणाला. मी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं धुण्याच्या पिशवीत मांजर घातलं आणि गावाबाहेरच्या धान्याच्या गोदामापाशी सोडून आला. आला तेव्हा हात ओरबाडलेले होते.

सून रिकाम्या हातांनी घरी आली. दारातूनच तिनं मांजराला हाक मारली. पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट उघडलं, गच्चीवर गेली.

"पळालं गं," मी म्हटलं.

ती रडली नाही. पण त्या दिवसापासून वरच्या खोलीतून काही ऐकू येईना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या घरात तिच्या भाषेतलं तेवढंच एक होतं. पोटचं गेलं त्याचं दुःख तिनं आता सांगायचं कुणाला? आमच्या भाषेत तिच्याकडे तेवढे शब्दच नव्हते.

आठवड्यानं मी दुकान बंद ठेवून गोदामावर गेले. राखणदार म्हणाला, "करडं ना? चार दिवस फाटकासमोरून हललं नाही. गाडी आली की उठून उभं राहायचं. खायला टाकलं तर तोंड लावायचं नाही. पाचव्या दिवशी ट्रकखाली आलं." फाटकाजवळची माती दाखवली. त्यानंच पुरलं होतं.

घरी येऊन मी सुनेसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मुलाचं नाव पुढे केलं नाही. हात त्याचे असतील, काम माझंच होतं.

तिनं चादरीची किनार चिमटीत धरली. मग विचारलं, "नेताना ओरडलं?"

मुलगा दारात उभा होता. खोटं बोलायची मुभा मी त्याला डोळ्यांनी दिली होती. तो म्हणाला, "सगळा रस्ताभर."

महिनाभरानं ती माहेरी निघाली. थोडे दिवस, असं म्हणाली. ते खरं नाही हे तिघांनाही कळत होतं. पाया पडायची आमची रीत तिनं शिकून घेतली होती. त्या दिवशीही वाकली. मी तिला उठवलं, जवळ घेतलं. ती काहीतरी पुटपुटली, तिच्या भाषेत. शिवी होती की निरोप, देव जाणे. मी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार होते?