मोगऱ्यावरची धूळ

सत्यशीलेने पाइप मोगऱ्यावर धरला, नळ सोडायला वळली आणि पाइप पुन्हा खाली टाकला. सकाळपासून तिसऱ्यांदा. कोळशाच्या खाणीलगतच्या माजरीत सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारी राखाडी होतो, तिथे पानांची काय कथा! बावीस वर्षं ती रोज न चुकता हा मोगरा धूत आली होती. कोळशाच्या धुळीशी तिचं उभं वैर. पण तीन आठवड्यांपूर्वी आतल्या फांदीवर बुलबुलाने घरटं बांधल्यापासून धुणं थांबलं होतं; आता त्यात तीन पिल्लं होती, आणि पाण्याच्या धारेने घरटंच खाली आलं असतं.

"राहू दे नं वं," तिचा नवरा वारलू खाणीच्या पाळीवर निघताना म्हणाला. "आठ दिसात पिल्लं उडून जातीन. मंग धू पाहिजे तेवढा."

पण राहू देणं तिच्या रक्तातच नव्हतं. धुळीने पिल्लं गुदमरत असतील, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. वारलू गेला तशी ती ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायला बसली. बुलबुलाची मादी तारेवर बसून ओरडत राहिली. तुझ्याच लेकरांसाठी चाललंय बाई, असं सत्यशीला तिला समजावत होती.

शेजारची रंभा फाटकाशी थांबली.

"काय चमकून राह्यला वं मोगरा! घरटं तं सडकेवरून दिसते."

सत्यशीला खुशीत स्वयंपाकाला गेली. भात उतरवते तोच बाहेर कालवा उठला. ती धावली, तर कावळा कौलावर होता आणि घरट्यात एकच पिल्लू उरलं होतं. रंभेचं बोलणं तिला आता कुठे कळलं. काळ्या पानांत ते काळपट घरटं इतके दिवस कोणाच्या नजरेस पडलं नव्हतं. आपल्याच हातांनी तिने ते उघडं पाडलं होतं. ते हात आता कुठे ठेवावेत, हे तिला सुचेना.

वारलू पाळीवरून परतला तेव्हा ती मोगऱ्यासमोर उकिडवी बसली होती. खिडक्यांवरची, पत्र्यावरची धूळ सुपात गोळा करून चिमटीचिमटीने पानांवर टाकत होती. कावळा अजून कौलावरच होता.

वारलूने घरट्यात वाकून पाहिलं. ज्या कामाच्या शर्टाला ती कधी उंबरठा ओलांडू देत नसे, तो त्याने अंगातून काढला आणि मोगऱ्यावर हळूच झटकला.