आख्खी होडी

झुंबरबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला, काठावर जमलेल्यांना नजरेनंच गप्प केलं आणि रंकाळ्यातल्या होडीत पाय टाकला. होडी डुगडुगली. बाई नाही.

"आता तू ये की," त्या लेकाला म्हणाल्या. "आईला एकटीलाच पाण्यात सोडतोस व्हय?"

आण्णा बसला तशी होडी त्याच्या अंगाला कलली.

"पैलवान, मधी सरका," नावाडी लालासाब म्हणाला.

मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या घरानं मालवणला जायचं, शिडाची होडी फक्त आपल्यासाठी ठरवायची आणि पाण्यातला किल्ला बघायचा, हा बेत बाईंचाच. गुळाचा ट्रक घेऊन मालवणला निघालेला इलाही तिथली होडी ठरवायचा निरोप न्यायला काठावर खोळंबला होता. पण आण्णाचा धोशा एकच : आईला पाणी सोसायचं न्हाय, बेत मोडा. ते बाईंना झोंबलं होतं. नवऱ्यामागं जिनं शेत आणि भाऊबंदकी दोन्ही हाकली, तिला पाणी सोसायचं नाही? म्हणून आज सगळ्यांदेखत ही परीक्षा.

तळ्याच्या मध्यावर वारा सुटला. लाटेनं होडी उचलली, आपटली.

"बघ, झालं काय मला?" बाई मागं वळल्या. "म्हणं आईला..."

पुढचं तोंडातच राहिलं.

आण्णानं डोळे मिटले होते. दोन्ही हातांनी फळी आवळली होती. भल्याभल्यांना आस्मान दाखवणाऱ्या लेकाच्या पायाची बोटं ओल्या लाकडात माती शोधत होती.

बाईंनी काठाकडे पाहिलं. तिथं इलाही होता, थोरली सून बना होती आणि तालमीतले वस्तादही होते.

"फिरीव रं," त्या लालासाबला हळूच म्हणाल्या.

काठ आला. बाई उतरल्या त्या लटपटतच.

"आत्याबाई, काय झालं?" बना पुढं धावली.

"आण्णाचंच खरं. काळजाचं पाणी झालं माझ्या."

बनानं तोंडाला पदर लावला. वस्ताद मात्र मोठ्यानं हसले. "झुंबरबाई भ्याली? आता पेठंत साखर वाटतो!"

एरवी वस्तादांची सात पिढ्यांची उजळणी झाली असती. आज बाई नुसता ओचा सारखा करत राहिल्या.

"मग नको म्हणून सांगू?" इलाहीनं विचारलं.

आण्णाचे खांदे सैल पडले.

"नको कोण म्हणलं? होडी ठरीव. आख्खी. माझ्यापायी लेकरांनी का घरात बसायचं?" बाईंचा आवाज परत चढला. "पर आण्णानं माझ्या शेजारी बसायचं. उतरंस्तवर माझा हात सोडायचा न्हाय. म्हातारी भित्री हाय, म्हणावं. कोण हसंल त्यानं हसू दे."

आण्णानं वर पाहिलं. आईची नजर त्याच्यावरच होती.

"बसशील न्हवं?"

"बसतो की."

त्याचा तळवा अजून घामानं थबथबला होता. बाईंनी तो धरला आणि त्याच्यावर पदर ओढून घेतला.