डब्यातली कुंभारीण

निजामपुऱ्यात शुक्रवारी लूम बंद. बाकीचे सहा दिवस लूमच्या मोटारींच्या खरखरीत फखरुद्दीनचाचांच्या वायरलेसला काही ऐकू येत नसे, म्हणून बापलेकाची गाठ जुम्म्याची नमाज झाल्यावर, अडीच वाजता. चाचा तीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. घरी बसल्यावर त्यांनी हौशी वायरलेसचं लायसन काढलं आणि गच्चीवर एरियल उभारली. मुलगा हाशिम आता त्याच कामावर, मालवाहू जहाजावर. सून नूरी स्टुलावर बसून ऐकायची. तिला लायसन नाही म्हणून माइक नाही. नवरा विचारी, "नूरी बरी आहे?" सासरा सांगे, "बरी आहे. ओव्हर." संसार चालला होता तो असा. लग्नाला चार वर्षं. त्यांतले एकत्र दिवस एकशे अकरा. मी खालचा भाडेकरू, एका लूमवाल्याकडे दिवाणजी. मोजायची खोड धंद्यातली.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात हाशिमनं विचारलं, "करार संपतोय. घरी येऊ, की आणखी नऊ महिन्यांची सही करू? दोन जुम्म्यांच्या आत सांगा."

"घरात विचारून सांगतो. ओव्हर," चाचा म्हणाले. घर हातभर अंतरावर स्टुलावर बसलं होतं.

संध्याकाळी नूरीभाभीनं सांगितलं, "या म्हणावं."

पुढच्या शुक्रवारी सेट मुका. बोलायचं बटण दाबलं की मीटरचा काटा उलटा जाई, म्हणजे आवाज बाहेर जातच नव्हता. शिडी लावून चाचा वर चढले. एरियलच्या तारा जिथं जुळतात तिथं प्लास्टिकचा डबा असतो, त्याला खाली एक भोक. बुजवलं तर पाणी साचतं, उघडं ठेवलं तर किडा शिरतो. चाचांनी आधी मलमलीची चिंधी लावली होती. लूमचा कापूस बसून तिचा लगदा झाला, तेव्हा काढून टाकली. पितळी जाळी आणायची तीन महिने राहून गेली होती. जहाजाचा एकेक स्क्रू तपासणारा माणूस स्वतःच्या गच्चीवर असाच असतो.

डब्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं.

"रघू, स्क्रूड्रायव्हर दे."

"हात लावू नका तिला," मागून जुबैदाचाची. "कुंभारीण घर करते त्या घरात पाळणा येतो."

"घरात नाही, डब्यात केलंय."

"डबा कुणाच्या घरावर हाय? शेजाऱ्यांच्या?"

"चाची, पाळण्याचा बाप अटलांटिकमध्ये आहे," मी म्हणालो.

"तू शिडी धर. तेवढ्यालाच बोलावलाय."

चाचा खाली उतरले. तीस वर्षं या बाईनं एकटीनं घर ओढलं, आणि बदल्यात कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

"तार करूया?" नूरीभाभीनं हळू विचारलं.

"तार कंपनीच्या ऑफिसातून जाते. बायकोनं बोलावलं म्हणून उतरला, हे तिथं कळलं तर पुढं त्याला घेणार नाहीत. अजून एक जुम्मा आहे, बेटा." चाचांनी खोलीतल्या खोलीत एरियल म्हणून एक वायर ताणून पाहिली. नुसती फुसफुस.

दुसऱ्या शुक्रवारी चाचा मशिदीत गेले आणि नूरीभाभी माझ्या दारात आली.

"रघूभाई, शिडी धरा."

"चाची?"

"नमाज पढतायत."

तिनं माती खरवडून काढली. खाली गच्चीवर ढेकळं पडली. त्यांत कुंभारणीनं पिल्लासाठी साठवलेले मलूल कोळी आणि ते पिल्लू, एक पांढरी अळी. तिनं खाली पाहिलं, झाकण लावलं आणि उतरली.

अडीचला हाशिमचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. चाचांनी बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. बटण दाबलं. काटा उलटा. ओल्या मातीनं तारांचा सांधा हिरवा पडला होता. त्याचं येत होतं, आपलं जात नव्हतं.

"डाग द्यावा लागेल," म्हणून चाचा गच्चीवर सोल्डरिंग तापवायला धावले.

"अब्बा, ऐकू येतंय का? आज सहीचा शेवटचा दिवस आहे. पाच मिनिटं थांबतो."

नूरीभाभी स्टुलावरून उठली. तिनं माइक हातात घेतला, बटण दाबलं. "या," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "घरी या." काटा उलटाच.

चाची दारात उभी होती.

"ठीक आहे," हाशिम म्हणाला. "दोन जुम्मे उत्तर नाही, म्हणजे सहीला तुमची हरकत नाही असं धरतो. खुदा हाफिज."

चाचांचं सोल्डरिंग त्यानंतर तापलं.

रात्री जेवताना चाची म्हणाली, "तिचं घर मोडलं ना, त्याचं हे फळ." मग थोड्या वेळानं, "नऊच महिने. जातात." नूरीभाभीनं तिच्या ताटात भाकरी वाढली.

सांधा दुरुस्त झाला, भोकाला जाळीही लागली. आवाज इतका स्वच्छ कधी आला नव्हता. दर शुक्रवारी हाशिम विचारायचा, "नूरी बसलीय ना तिथं?"

"बसलीय. ओव्हर," चाचा सांगायचे.

नूरीभाभी तेव्हा आत स्वयंपाकघरात पीठ मळत असायची.