कौन्सिलचं घर आणि निळं भांडं

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी घर आहे. तेही कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं; सगळ्या गावाचं आणि खरं तर कुणाचंच नाही. सिडनीहून पश्चिमेला गाडी हाकत राहिलं, की गव्हाच्या शेतांत आमचं गाव लागतं. रस्ते करणाऱ्या एका कामगारासाठी मला बांधलं. त्याच्या मुलांनी माझ्या चौकटीवर आपल्या उंचीच्या खुणा केल्या. मग नर्सबाई आल्या, मास्तर आले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि बदली झाली तसे निघून गेले.

पुढे बरीच वर्षं मला कुलूप होतं. पत्रा गळू लागला, छपरात एक पॉसम, म्हणजे मांजराएवढा इथला झाडावरचा प्राणी, फुकट नांदू लागला. कौन्सिलकडे दुरुस्तीला पैसे नव्हते आणि राहायला घर नाही म्हणून गावात नोकरीला कुणी टिकत नव्हतं. शेवटी खेड्यातल्या कौन्सिलांना घरांसाठी सरकारी मदत मिळाली. मला नवा पत्रा आला, रंग आला. पण अंगणात कौन्सिलचे दोघे साहेब बोलताना मी ऐकलं, की हे पुन्हा रिकामं पडलं तर पाडायचं आणि जागा विकून टाकायची. भिंतींना कान असतात म्हणतात. माझ्या तर नुसत्या फळ्या, सगळंच ऐकू येतं.

२०२१ च्या सुरुवातीला मेधा राहायला आली. ती गावाच्या पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. तिचा नवरा यतिन सिडनीतल्या टूनगॅबीच्या फ्लॅटमधून आयटीचं काम करायचा आणि जमेल तसा सुट्टीला यायचा. मग सिडनीला लॉकडाऊन लागला आणि त्याचं येणं बंद झालं. मेधा ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवू लागली. मला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी समोरच्या ग्लेनिसआजींनी पायरीवर निळं एनॅमलचं भांडं ठेवलं, दार वाजवलं आणि त्या फाटकापर्यंत मागे सरकल्या. आत स्कोन, म्हणजे इथले छोटे गोडसर पाव होते. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे मेधाच्या अंगवळणी पडलेलं. तिने शंकरपाळे भरून दिले. आजींना वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी लिंबं दिली, मेधाने त्यांचं लोणचं पाठवलं. आजींनी कुंपणापलीकडून कृतीसुद्धा विचारून घेतली. त्या बिचाऱ्या भांड्याला उसंत म्हणून नव्हती.

तरी एकदा मेधा फोनवर म्हणालीच, "यतिन, मला इथे एकटीला नाही रे राहवत. लॉकडाऊन उठला की न्यायला ये."

मला धडकीच भरली.

नोव्हेंबरात तो आला. खोकी गाडीत चढली. आजींना सांगायचा धीर मेधाला झाला नव्हता, आणि नेमक्या आजीच फाटकात येऊन उभ्या राहिल्या. भांड्यात त्यांनी स्वतः घातलेलं लोणचं होतं.

यतिनने एक फोड तोंडात टाकली. मीठ जरा कमी आहे, असं तो हळूच म्हणाला.

मेधाचे डोळे भरून आले. "आता हे भांडं मी रिकामं कसं देऊ?"

यतिनने गाडीतल्या खोक्यांकडे पाहिलं. त्या फ्लॅटमध्ये इतके महिने तोही एकटाच जेवत होता.

"मागच्या खोलीत नेट येतं का गं?" त्याने विचारलं.

आता मागच्या खोलीत त्याचं ऑफिस आहे.

मित्रांनो, सरकारने मला छप्पर दिलं, ते मी विसरणार नाही. पण तुमच्या शेजारी कुणी नवं माणूस राहायला आलं, तर एखादं भांडं भरून नेऊन द्या. आणि ते परत मागायची घाई करू नका.