भाकरी थापणारे हात

मानवतच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात सिनेमाचं शूटिंग लागलं, तेव्हा बसस्टँडजवळ खानावळ चालवणाऱ्या सगुणाबाईला फक्त हातांसाठी बोलावलं. सिनेमात एका महागड्या हॉटेलातला आचारी आठ श्रीमंतांना जेवायला बोलावतो आणि आयुष्यभर तुच्छ लेखलं म्हणून एकेकाला विष घालतो. आचारी झालेल्या मुंबईच्या नटाला भाकरी काही थापता येईना. मग चेहरा त्याचा, हात सगुणाबाईचे.

"हात कुठं गेले? हाताला बोलवा!" असं व्यवस्था बघणारा परभणीचा बालाजी दोन दिवस ओरडत होता.

तिसऱ्या दिवशी आचाऱ्याचं मोठं भाषण झालं. "कधी आम्हाला माणूस समजलात? कधी शेजारी जेवायला बसवलंत?" नट इतकं आतून बोलला, की सगुणाबाईनं पदर डोळ्याला लावला. दिग्दर्शक अर्पिता मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि जेवणाची सुट्टी दिली.

बड्या मंडळींना कूलर लावलेला तंबू, बाकीच्यांना मागचं पत्र्याचं शेड. सगुणाबाई सरळ तंबूत शिरली आणि खुर्ची ओढून बसली.

"मावशी, तुमचं तिकडं हाय," बालाजी म्हणाला.

"आरं, आत्ताच तर त्या बाबानं सगळ्यांदेखत सांगितलं की!"

"ते सिनेमातलं हाय!"

"मंग खोटं बोलायला येवढे लाईट कशाला लावलेत?"

अर्पिता मॅडमचे कान लाल झाले. "बसू दे त्यांना," त्या म्हणाल्या.

तंबूतल्या ताटांत सॅलडची चार पानं आणि उकडलेलं गाजर होतं. सगुणाबाईनं आपलं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा. सिनेमात पाहुण्यांपैकी सराफाची बायको झालेली नटी राजनंदिनी महिनाभर पथ्यावर होती. "थोडंसं देता?" तिनं हळूच विचारलं. मग सगळ्यांचेच हात पुढे आले. सगुणाबाईनं खानावळीतून आणखी दोन टोपली भाकरी मागवल्या.

दुपारी विषाचा सीन होता. सात पाहुणे तडफडायचं सोडून ढेकर देत होते. राजनंदिनी तेवढी टेबलावर मान टाकून पडली.

"वा! काय मेली!" अर्पिता मॅडम ओरडल्या. तेवढ्यात राजनंदिनी घोरायला लागली.

त्या दिवसाचं शूटिंग तिथंच आटोपलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सगळी टेबलं शेडमध्ये आली, कारण सगळ्यांनाच सगुणाबाईची भाकरी हवी होती आणि तंबूत इतकी माणसं मावेनात. टेबलं ओढून बालाजी घामाघूम झाला होता, तोंडही वाकडं होतं.

"बस की तू बी," सगुणाबाईनं त्याच्यापुढं ताट सरकवलं. "सकाळपासून उपाशीच बोंबलायलास."