मरियमचा पंजा

आठवडाभर व्हॅन चालवणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडी चालवायला लावणं हा जुलूम आहे. पण ताजबीपुढे, म्हणजे माझ्या बायकोपुढे, माझं कधी चाललंय? रोल्लातल्या घरून निघून डोंगरातल्या या कोरड्या ओढ्यात पोचेपर्यंत माझ्या कमरेचा भुगा झाला होता. मागच्या सीटवर आमची लेक इन्शा, नववा महिना लागलेली. जावई यहया खोर फक्कानच्या बंदरात ड्यूटीवर, मग तिला घरी एकटी कशी ठेवणार?

ताजबीला मरियमचा पंजा हवा होता. मिटलेल्या मुठीसारखं हे सुकलेलं झुडूप बाळंतपणाच्या वेळी पाण्यात टाकतात. ते उमललं की बाळंतीण सुखरूप मोकळी होते, असं आमच्या घरात मानतात. एकच पंजा पुन्हा पुन्हा सुकवून आजीपासून चालत आलेला. गेल्या वर्षी तो उमललाच नाही. इन्शाचं बाळही राहिलं नाही. तेव्हापासून ताजबीचा सगळा राग त्या जुन्या पंज्यावर.

काळ्या खडकांवर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी घोडेस्वार कोरून ठेवले होते. बिचारे, तेव्हापासून खाली उतरलेच नाहीत. मला त्यांची दया आली.

ताजबी उन्हात वाकून वाकून दगडगोटे धुंडाळत होती. शेवटी ओरडली, "माशाल्ला! मिळाला! हा ताजा आहे, हा उमलणारच."

"खलास. आता निघू या," मी म्हणालो.

इन्शा खडकाच्या सावलीत बसली होती. तिने विचारलं, "अम्मी, लास्ट टाइम व्हेअर वेअर यू?"

"कुठे म्हणजे? हॉस्पिटलातच होते की. दाराबाहेर, वाडगं घेऊन."

"नर्स कॉल्ड यू ट्वाइस. तू बोललीस, उमलू दे, मग येते." इन्शाने पोटावर हात ठेवला. "आय वॉज अलोन, अम्मी."

ताजबी मटकन खाली बसली.

मग गुडघ्यावर हात टेकत ती उठली आणि पंजा माझ्या हातात दिला.

"वाडगं तुम्ही सांभाळा. मी आत जाणार."

"आणि नाही उमलला तर?"

"तर मला सांगायला येऊ नका."