लाल ठिपक्याच्या अलीकडे

फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून उत्तरा जिथे दिसायची तिथून हातभर पलीकडे असायची.

चूक तिच्या नवऱ्याची, दिगंबरची. तो माळरानाचे इन्फ्रारेड फोटो काढायचा. त्यात गवत चुन्यासारखं पांढरं येतं आणि भरदुपारी आभाळ काळंकुट्ट. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही आणि भिंगातून जरा वेगळ्या जागी पडतो. म्हणून नजरेने फोकस लावला की भिंगाचं कडं त्यावरच्या लाल ठिपक्यापर्यंत सरकवायचं असतं. त्या दिवशी बाभळीखाली उभी राहून उत्तराने विचारलं, "पोट आत घेऊ का? का सकाळचा वरणभात पण दिसतो यात?" हसण्याच्या नादात तो कडं सरकवायचं विसरला.

आता सासूबाईंनी दिलेला चहा थेट फरशीवर.

"सूनबाई, जागेवर बस की गं."

"जागेवरच आहे, आई. तुम्हीच बाजूला देताय."

दिगंबर तिचा हात धरायला गेला की मुठीत हवा यायची. खरा हात पलीकडे वाट बघत असायचा, चाचपडल्यावर सापडायचा. तेवढं चालून गेलं असतं. पण अंतर वाढायला लागलं. ती ओट्यापाशी दिसायची आणि बोलायची अंगणातून. मग गिरणीवाला तक्रार घेऊन आला.

"वहिनी दिसत नाहीत, पण गिरणीत शिंकतात. गिऱ्हाईक बिचकतं."

"दिगू, काढलास तसा नीट कर तो फोटो," आई म्हणाली. "उद्या पोरीचा आवाजही पोचायचा नाही."

फोटो पुन्हा काढायला ते दोघं माळावर गेले. उत्तरा बाभळीखाली दिसत होती. "ऐकू येतंय का?" हे तिने टेकडीमागून विचारलं. दिगंबरने फोकस लावला आणि कडं ठिपक्याकडे सरकवायला घेतलं. आवाज जवळ आला.

"आले, आले. अजून थोडं. बास!"

कडं ठिपक्यावर होतं. त्याने भिंगावर काळी काच चढवली. या काचेतून डोळ्याला काहीच दिसत नाही, फोटो विश्वासावर काढायचा.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? वारा हलतोय."

फोटो झाला. त्याने मान वर केली. आता नुसत्या डोळ्यांनाही गवत चुन्यासारखं पांढरं दिसत होतं, आभाळ काळंकुट्ट, बाभळीचा काटान् काटा वेगळा. खाली कोणी नव्हतं. दोन पावलांएवढं गवत तेवढं दबलेलं.

"उत्तरा?"

"इथेच की," आवाज तिथूनच आला. "अगदी जागेवर. तू कुठे बघतोयस?"

त्याने धावत जाऊन हात पुढे केला. तिचा हात सापडला. मग नुसती ऊब सापडली.

"दिगू, घट्ट धर ना."

"धरलंय."

"कुठे?"

दबलेलं गवत एकेक पातं करून उभं राहायला लागलं. दिगंबर त्याच्यावर आडवा झाला, सगळं वजन टाकून. बरगड्यांखाली पाती उठतच होती.